पुंडलिक कुणाला सांगायचा?



पंढरीचा देव विटेवर उभा आहे, तो एका मुलाने त्याला थांबायला सांगितले म्हणून. मुलाचे हात आई-बापांच्या सेवेत गुंतलेले होते. दारात कोण आले आहे हे कळूनही तो उठला नाही. जवळची वीट मागे टाकली आणि सेवा पुढे चालू ठेवली. म्हणूनच चंद्रभागेच्या वाळवंटात आधी पुंडलिकाचे दर्शन घ्यायचे आणि मग महाद्वाराची वाट धरायची, हा आपला शिरस्ता आहे. गजरातसुद्धा भक्ताचे नाव आधी येते, देवाचे मागाहून.

म्हातारपणाविषयी चार शब्द सांगण्याचा अधिकार कुणाला असेल तर तो आपल्या संप्रदायाला आहे, असे आपण मानतो आणि ते बरोबरच आहे. पण तो अधिकार सध्या ज्या तऱ्हेने वापरला जातो आहे, तिच्याविषयी मला बोलायचे आहे. ते सगळ्यांना गोड लागणार नाही.

कुठल्याही सप्ताहात जा. पुंडलिकाचे आख्यान लागले की दहा मिनिटांत सून येते. आजकालच्या सुना, त्यांचे मोबाईल, सासूच्या ताटातली शिळी भाकरी, नवऱ्याला घेऊन वेगळे निघणे. मंडपात हशा पिकतो. टाळकरी माना डोलावतात, बायकांच्या बाजूलाही पदराआड हसू फुटते, आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच तुकडा गावोगावच्या मोबाईलवर फिरतो. ती सून त्या वेळी कुठे असते? बहुधा मंडपामागे पंगतीची भाजी निवडत असते. नाहीतर घरी अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचे कपडे बदलत असते, कारण सगळे घर कीर्तनाला गेले तरी म्हाताऱ्याजवळ कुणीतरी थांबावेच लागते. जी थांबते तिच्यावर विनोद होतात आणि जो निघून येतो तो पुढच्या रांगेत बसून हसतो.

आता कथा नीट आठवून पाहा. पुंडलिक काशीला निघाला तेव्हा त्याने बायकोची सोय पाहिली आणि आई-बापांना पायी फरफटत नेले. वाटेत कुक्कुटऋषींचा आश्रम लागला. पहाटे मळकट वस्त्रांच्या तीन स्त्रिया आल्या, त्यांनी सडा-सारवण केले, पाणी भरले आणि बाहेर पडताना त्या उजळून निघाल्या. त्या गंगा, यमुना आणि सरस्वती होत्या. ज्या ऋषीच्या अंगणात त्या पाप धुवायला येत होत्या, तो ऋषी काशीला कधी गेलेलाच नव्हता. आई-बापांच्या सेवेतून त्याला सवड मिळाली नव्हती. हे पाहून पुंडलिक माघारी फिरला आणि स्वतः पाय चेपायला बसला. त्याने बायकोला बसवले नाही. बसवले असते तर त्याचे हात मोकळे राहिले असते, तो उठून देवाला सामोरा गेला असता आणि विटेची गरजच पडली नसती. आपले सगळे पंढरपूर एका पुरुषाच्या गुंतलेल्या हातांवर उभे आहे, आणि आपण मात्र ती कथा सुनेला ऐकवतो.

सरकारी कायद्यालाही हे कळले. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. त्यात आई-बापांना सांभाळण्याची जबाबदारी ज्या मुलांवर टाकली, त्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू आणि नात आहेत. सुनेचे नाव तिथे नाही. प्रांताधिकाऱ्यांच्या पातळीवरच्या न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करायचा, वकील लागत नाही. म्हाताऱ्या माणसाला टाकून दिले तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सांभाळण्याच्या अटीवर जमीन किंवा घर बक्षीसपत्राने लिहून दिले असेल आणि मुलगा शब्द पाळत नसेल, तर ते बक्षीसपत्र रद्द करता येते. हे कीर्तनात कुणी सांगते का? वीस वर्षे होत आली. हजारभर माणसे समोर बसलेली असतात, त्यात दोन-तीनशे साठीपुढची असतात. विनोदाला दिलेल्या दहा मिनिटांत एवढी माहिती आरामात बसते.

आणि मेल्यावर? पुणे, नगर, नाशिककडे दशक्रियेच्या प्रवचनाची मोठी रीत आहे. घाटावर मंडप, आईच्या फोटोचा फ्लेक्स, पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणे आणि मातृभक्तीवर तासभर प्रवचन. पिंडाला कावळा लवकर शिवला नाही की सगळी भावकी अस्वस्थ होते. म्हातारीची कोणती इच्छा राहिली असेल, यावर कुजबुज सुरू होते. ती विचारायला बरीच वर्षे मिळाली होती. गाडगेबाबांनी दिवसाकार्यासाठी कर्ज काढणाऱ्यांना कीर्तनातून भर सभेत उघडे पाडले. त्यांना जाऊन सत्तर वर्षे होत आली, १९५६ च्या डिसेंबरात त्यांनी देह ठेवला. दहाव्याचे मंडप तेव्हापासून वाढतच गेले आहेत आणि त्या मंडपातल्या गादीवर आपल्यापैकीच कुणीतरी बसलेले असते.

इथपर्यंतचे बोलणे खात्यापित्या घरांचे झाले. जिथे जमीन आहे, घर आहे, नोकरी आहे आणि तरी म्हातारा ओसरीवर पडून आहे, तिथे मुलाला चार शब्द सुनवायलाच हवेत. पण आपल्यापुढे बसलेला सगळा समाज तसा नाही. पुंडलिक सगळ्यांना एकाच आवाजात सांगणे हा माझ्या मते याहून मोठा अन्याय आहे.

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी अशा तालुक्यांतून आणि नगरकडच्या पाथर्डीतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रक-ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी, सरपण, कोंबड्या, तान्ही लेकरे. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत, साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, माघारी येणे नाही. मागे गावात कुलुपे राहतात, आणि राहतात म्हातारी माणसे व शाळेत जाणारी लेकरे. हा सगळा वारकऱ्यांचा मुलूख आहे. घराघरात माळ आहे, एकादशी आहे. आषाढीला यातली कितीतरी माणसे दिंडीत असतात. कार्तिकी मात्र ऐन गाळपात येते. त्या एकादशीला यांच्यातला एखादा पंढरपूरच्याच शिवारात उसाच्या फडात असतो. शिखर डोळ्यांना दिसते, पण फड सोडून जाता येत नाही.

त्याची आई गावी एकटी आहे. त्याला पुंडलिक कसा सांगणार? पुंडलिकाने वीट टाकली आणि साक्षात परब्रह्म निमूट उभे राहिले. मुकादमाला वीट टाकून कुणी पाहावी.

अशाच एका वस्तीवर पौषात प्रवचनाच्या निमित्ताने जाणे झाले होते. पंधरा-सोळा घरे, त्यातली अकरा बंद. देवळापुढे आठ-दहा म्हातारी माणसे आणि मांडीवर, पाठीवर, आजूबाजूला लेकरेच लेकरे. विषय मातृ-पितृसेवेचाच ठरलेला होता. मी एका आजीला सहज विचारले, "तुम्हाला इथं कोण सांभाळतं?" तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "मला कोण सांभाळतंय महाराज? मीच तीन सांभाळती." तिन्ही नातवंडे होती. सगळ्यांत लहानाला ताप होता. रेशनच्या दुकानातल्या मशीनवर तिचा अंगठा उमटत नव्हता. जन्मभर कोयता धरून बोटे गुळगुळीत झाली होती. दोनदा हेलपाटा झाला, तिसऱ्यांदा कुणीतरी ओळखीचे बरोबर गेले तेव्हा धान्य मिळाले. सुनेविषयी विचारले तर म्हणाली, "ती बिचारी पोटुशी गेलीय फडावर." त्या दिवशी ठरवलेला विषय मी बाजूला ठेवला. तिथे कुणाच्या मातृ-पितृसेवेविषयी बोलणार होतो?

गरिबाच्या घरात म्हातारपण म्हणजे सेवा करून घेण्याचे वय नसते. वरच्या वर्गात साठीला निवृत्ती येते, भेटी येतात, सत्काराची शाल येते, गुडघ्यांची शस्त्रक्रिया होते. ऊस तोडणाऱ्या बाईला निवृत्ती नावाची गोष्टच नाही. मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढायचे, हे वर्षानुवर्षे केल्यावर पाठ पन्नाशीतच बसते. मग ती फडावरून घरी येते आणि दुसऱ्या पाळीला लागते. आता लेकीसुनांची लेकरे, शेळ्या, पाणी. वय मोजण्याची दोन्हीकडची मापेच निराळी आहेत. आपण मात्र दोघींना व्यासपीठावरून एकच प्रश्न विचारतो, 'मुलगा बघतो का?'

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शंभरातले जवळपास दहाजण साठीपुढचे होते. आज त्याहून जास्त असणार. यांच्यापैकी ज्यांना काहीच आधार नाही त्यांच्यासाठी सरकारची श्रावणबाळ योजना आहे. नाव पाहा किती आपले आहे. गावात तिला योजना कुणी म्हणत नाही, 'निराधारचा पगार' म्हणतात. २०१९ पर्यंत तो महिन्याला ६०० रुपये होता, मग १,००० झाला, २०२३ पासून १,५०० आहे. तो मिळतो वयाच्या पासष्टीला. म्हणजे पाठ पन्नाशीला बसते आणि श्रावणबाळ पंधरा वर्षांनी कावड घेऊन येतो. केंद्र सरकारच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसाला केंद्राचा वाटा महिन्याला २०० रुपये आहे. २००७ पासून तो आकडा हललेला नाही. आणि उत्पन्नाची अट? दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसलेल्यांसाठी ती वर्षानुवर्षे कुटुंबाला वर्षाकाठी २१,००० रुपये अशी चालत आली आहे. महिन्याचे १,७५० झाले. एवढ्यात कुठलेही कुटुंब जगत नाही, हे दाखला मागणाऱ्याला माहीत असते, देणाऱ्यालाही माहीत असते. आयुष्यभर माळ घालून खोटे न बोललेल्या म्हातारीने शेवटी तहसीलच्या ओट्यावर बसून खोटा आकडा लिहून घ्यायचा, तेव्हा तिला १,५०० मिळणार. एका नामवंताच्या एका रात्रीच्या बिदागीत अशा किती म्हाताऱ्यांचा किती महिन्यांचा पगार बसतो, हे ज्याने त्याने आपल्या गावच्या सप्ताहाच्या हिशेबात पाहावे. मी आकडा सांगत नाही. हिशेब मंदिराच्या भिंतीवर लावलेला असतो.

२००७ चा जो कायदा मी वर सांगितला, तो याच जागी लंगडा पडतो. ज्याच्याजवळ परत मागण्यासारखे काही आहे त्याला तो तारतो. जमीन लिहून दिली असेल तर परत मिळेल. मुलगा कमावता असेल तर त्याच्याकडून महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह मिळेल. उचलीत बुडालेल्या पोराविरुद्ध त्या वस्तीवरच्या आजीने प्रांताकडे अर्ज करून काय मागायचे? ती करणारही नाही. पोराने तिला टाकलेले नाही हे तिला पक्के ठाऊक आहे. कारखान्यांनी, मुकादमांनी आणि साखर खाणाऱ्या आपण सगळ्यांनी मिळून त्या मायलेकरांना वर्षातले सहा महिने वेगळे ठेवले आहे, आणि त्याचे पाप एकट्या लेकराच्या नावावर लिहिले जाते.

शहरात याचीच दुसरी बाजू दिसते. मोठ्या सोसायट्यांमध्ये म्हाताऱ्या आई-वडिलांपाशी दिवसपाळीची आणि रात्रपाळीची मावशी असते. मुलगा परगावी किंवा परदेशी आहे, तो पैसे पाठवतो. तो वाईट आहे असे मी म्हणत नाही, निदान माणूस तरी ठेवले आहे. पण ही मावशी कोण असते? पुष्कळदा अशाच एखाद्या दुष्काळी गावातून आलेली बाई. ती परक्या म्हाताऱ्याला भरवते, पुसते, कुशीवर वळवते. जे काम पुंडलिकाने केले म्हणून त्याचे देऊळ नदीच्या पात्रात उभे राहिले, तेच काम ती बारा-बारा तास करते. तिची स्वतःची सासू गावी शेजारणीच्या भरवशावर असते. तिला आपण 'कामवाली' म्हणतो. कीर्तनात तिचा दृष्टान्त आलेला मी ऐकलेला नाही, विनोद मात्र ऐकला आहे.

वारीतही वर्ग आहेच. ज्याला भिशी भरता येते त्याचे सामान दिंडीच्या ट्रकमध्ये जाते, राहुटीत त्याची जागा ठरलेली असते. ज्याला परवडत नाही तो पिशवी खांद्याला लावून चालतो, जिथे अन्नदान असेल तिथे जेवतो, पाऊस आला तर ट्रकखाली झोपतो. त्यात म्हाताऱ्या बाया किती असतात हे चालणाऱ्यांनी पाहिले आहे. त्यांच्यापैकी अनेकींना वर्षभरात याच वीस दिवसांत कुणीतरी 'माउली' म्हणून हाक मारते, चहा पुढे करते, पायांना तेल लावते. तेल लावणारी तरुण मुले चांगलीच असतात, फोटो काढून झाल्यावर थोडा वेळ थांबली तर आणखी चांगली म्हणेन. दिंडी परतली की मात्र ती माउली पुन्हा 'म्हातारी' होते.

यावर दोन उत्तरे हमखास येतात. पहिले, ज्याचे त्याचे प्रारब्ध. हे उत्तर देणारा माणूस स्वतःच्या आईला ताप आला की डॉक्टरकडे नेतो, प्रारब्धावर सोडत नाही. शेजारच्या वस्तीवरच्या आजीपुरतेच त्याला प्रारब्ध आठवते. दुसरे उत्तर, आपण भजन करावे, बाकीचे सरकारचे काम. सरकारचे काम आहेच. २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असे निवासस्थान सांगितले आहे, ते आपल्या जिल्ह्यात कुठे आहे हे विचारण्याचे काम भजनी मंडळाने करायला काय हरकत आहे? आणि भजनापुरतेच राहायचे असते तर गाडगेबाबांनी पंढरपुरात, आळंदीत, देहूत धर्मशाळा कशाला बांधल्या असत्या? आपल्या संतांच्या मेळ्यात वयाने वडील म्हणून ज्यांचा शब्द चालला ते गोरोबा, हाताने चिखल तुडवणारे कुंभार होते, आणि सगळे संत त्यांना काका म्हणत. चोखोबा मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या भिंतीखाली काम करता करताच गेले. कष्टकऱ्याचे म्हातारपण आणि मरण आपल्या परंपरेला परके नाही.

सावता महाराजांचे उदाहरण तर हातात आहे. ते अरणचा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत. आजही त्यांची पालखी पंढरपूरला जात नाही. पंढरपूरहून देवाची पालखी अरणला येते. ज्याला येता येत नाही त्याच्याकडे देवाने जायचे, ही रीत आपल्याकडे शेकडो वर्षे चालू आहे. मग जिला देवळापर्यंत येववत नाही त्या म्हातारीच्या दारात एकादशीचे भजन का जाऊ नये? ऊसतोडीच्या गावांत सप्ताहाच्या वर्गणीतला काही वाटा मागे राहिलेल्यांच्या औषधपाण्याला का काढू नये? सात पंगतींतली एक कमी केली तर कुणी उपाशी जाणार नाही.

दर गावात चार-पाच टाळकरी असे असतात की ज्यांना तहसील, बँक आणि रेशनचे दुकान यांची वाट पाठ असते. हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यावा लागतो, तेव्हा त्यांनी म्हाताऱ्या माणसांना गाडीवर बसवून न्यावे. अंगठा उमटला नाही तर दुकानदाराशी बोलायला बरोबर उभे राहावे. आणि महाराज मंडळींनी निदान या वर्षी पुंडलिकाच्या आख्यानातून सुनेचा विनोद काढून टाकावा. त्या जागी निर्वाहाच्या अर्जाची माहिती सांगावी आणि समोर बसलेल्या पुरुषांना विचारावे, की आईचे पाय शेवटचे कधी दाबले.

टोळ्या दसऱ्यानंतर हलतात. त्याआधी भजनी मंडळाची एक बैठक व्हावी, कोणत्या घरात कोण मागे राहणार याची यादी व्हावी आणि ती गावाबाहेरच्या वस्तीपासून सुरू करावी.